शांताबाईचं मीठ आणि जहाजाचं मीठ

सोमवार, २४ नोव्हेंबर १९९७

जहाजाचा कप्तान रोज वही लिहितो, असं लेक योगराज सांगतो. वारा कुठून आला, समुद्र कसा होता, कोण आजारी पडलं. निंबा मुकादमाकडे वही आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याकडेही आहे. मगदल्ल्याच्या धक्क्यावर मी बारा वर्षं गोण्या शिवतेय आणि माझीच वही नाही, हे काही बरोबर नाही. म्हणून आजपासून माझीही वही. मला अक्षर येत नाही, पण सून दहावी झालेली आहे आणि ते सगळं शिक्षण दूधवाल्याच्या चिठ्ठीत वाया चाललंय. मी बोलते, गायत्री लिहिते. मधे मधे ती माझी भाषा सुधारते. मी पुन्हा बिघडवते.

मी भागीरथी. गाव अमळनेरकडचं, राहणं सुरतेच्या उधन्यात. नात एकच आहे, पण धक्क्यावर सगळ्या मला आजी म्हणतात, अगदी माझ्याच वयाची शांताबाईसुद्धा.

आज युरियाचं जहाज लागलं. काळ्या समुद्रावरून आलंय म्हणे. समुद्र काळा, माल पांढरा, साबुदाण्यासारखा. जहाज मोठं, ते दूर पाण्यात उभं राहतं. माल बार्जमधून, म्हणजे सपाट मालहोडीतून, धक्क्यावर येतो. पुरुष गोण्या भरतात, आम्ही पंधरा बायका दाभण-सुतळीने तोंड शिवतो. आमची शिवण बारडोलीच्या उसापर्यंत जाऊन तिथेच उसवते.

पहिल्या ढिगाला आम्ही दर वेळी करतो तेच केलं. नारळ फोडला, पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं. मग प्रत्येकीने एक दाणा जिभेवर ठेवला. जीभ गार पडली की माल खरा. शांताबाईने यंदा नवीन काढलं. मीठ-मोहरी आणली होती. ढिगावरून उतरवून मूठभर मीठ तिथेच टाकलं. म्हणे, एवढा मोठा माल, कोणाची नजर लागायची. मी म्हटलं, "शांते, युरियाला नजर कोणाची लागणार, शेणाची?"

घरी येऊन हे सांगितलं तर सगळे हसले. योगराजही हसला. माझा लेक कंत्राटदाराकडे गोण्यांची नोंद ठेवतो. हल्ली तो घरी फारसा हसत नाही, म्हणून मी ती गोष्ट दोनदा सांगितली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

पुढचे तीन दिवस माल चांगला आला. आज बार्जमधून ढेकळं निघाली. म्हशीच्या डोक्याएवढी. गोणीच्या तोंडात जात नाहीत. निंबाने आम्हाला दाभण खाली ठेवायला लावून धोपाटणी हातात दिली. कपडे धुतल्यासारखे आम्ही खताला बडवत बसलो. मंगलाबाई म्हणाली, नवऱ्याचं तोंड आठवा, लवकर फुटतात. काम भराभर झालं.

एक चिमटी मी चाखली. जीभ गार पडली, पण मागून खारट लागलं. बारा वर्षांत असं लागलं नव्हतं.

मंगळवार, २ डिसेंबर

काल काम बंद ठेवलं आणि आज तपासणीचे साहेब आले. विनायकराव. मराठी माणूस, अठवा लाइन्ससारख्या बड्या वस्तीत राहतात, बुटाला धूळ लागली की रुमालाने पुसतात. आमच्या धक्क्यावर त्यांना आठ रुमाल लागतील. ज्यांनी माल विकत घेतलाय त्यांच्या बाजूने ते बघायला आलेत की ढेकळं झाली कुठे. समुद्रात झाली तर दोष जहाजाचा. इथे पावसाने किंवा कोणाच्या हलगर्जीने झाली तर दोष धक्क्याचा, म्हणजे कंत्राटदाराचा, म्हणजे निंबाचा, म्हणजे आमचा. दोष नेहमी उतरत उतरत बायकांपर्यंत येतो आणि तिथे खाली जागा नसते म्हणून थांबतो.

मी त्यांच्यासमोर ढेकूळ फोडून आतला दाणा तोंडात टाकला. ते ओरडलेच, "अहो आजी, खत आहे ते."

"बारा वर्षं चाखतेय साहेब. उंची काही वाढली नाही."

मग मी सांगितलं, हे खारट आहे. पावसाचं पाणी खारट नसतं. पाऊस तर पडलाही नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेन काढलं आणि ढिगातला नमुना डब्यात घेतला. म्हणाले, मीठ असेल तर कळेल, माझ्याकडे त्याची बाटली आहे. मी म्हटलं, माझ्याकडे जीभ आहे, पण तुमची बाटलीही आणा.

शुक्रवार, ५ डिसेंबर

निंबाने टोळीला बोलावलं. आवाज इतका गोड की मी आधी मागे बघितलं, कोण पाहुणे आलेत. कागद पुढे केला. जहाजमालकांचं काम इथे बघणाऱ्या एजंटने मागितलाय, आणि पुढचं जहाज कोणाला द्यायचं ते त्याच्या हातात. आम्ही पंधराजणींनी त्यावर अंगठे द्यायचे.

"यात काय आहे?"

"काही नाही आजी. झालं ते लिहिलंय. तुमच्याच भाषेत आहे, मराठीत. घरी नेऊन वाचून घ्या. अंगठा दिला की पुढच्या जहाजाला तुमचीच टोळी."

मी घरी आणला. गायत्रीने वाचला. आम्ही शिवणाऱ्या बायकांनी पहिल्याच दिवशी मालावर पाणी ओतलं, ताडपत्री बाजूला केली, माल उघडा राहिला, आमच्या चुकीने तो भिजला, असं आहे. वाचता वाचता गायत्री मधेच थांबली. म्हणाली, डोळ्यात धूर गेला. स्टोव्ह तर बंद होता. मी म्हटलं, वाच पुढे. तिने वाचलं, पण आवाज आत आत गेला होता. पोरगी हळवी आहे.

एका नारळाच्या पाण्याने एक बार्ज युरिया भिजला. तो नारळ मला मिळाला असता तर मी त्याच्यावर उधना जगवलं असतं.

शनिवार, ६ डिसेंबर

कागद निंबाला परत दिला. म्हटलं, नाही.

"आजी, पाणी टाकलं की नाही? खोटं कुठे आहे?"

"टाकलं. वाटीभर. वाटीभर लिहून आण, आत्ता अंगठा देते. दोन्ही हातांचे देते."

तो म्हणाला, एका अंगठ्याने तुमचं काय जातं. काय जातं ते त्याला कळलं असतं तर तो मुकादम झाला नसता. आम्ही पंधराजणी वर्षानुवर्षं उन्हात बसून एक नाव केलंय. मगदल्ल्याच्या बायकांची शिवण ट्रकमध्ये उसवत नाही. कागदावर अंगठा दिला की उद्यापासून आम्ही माल भिजवणाऱ्या बायका. काम गेलं तर दुसरं शोधेन. हे नाव अंगाला चिकटलं तर ते घेऊन कुठल्या धक्क्यावर जाऊ?

तेराजणींनी माझ्यासारखंच नाही म्हटलं. शांताबाई मात्र सुतळीचा गुंता सोडवत बसली.

रविवार, ७ डिसेंबर

आज सगळं उलटलं. विनायकरावांच्या बाटलीने सांगितलं, मालात मीठ आहे. मी निंबाकडे बघून पदर खोचला. तेवढ्यात एजंटच्या ऑफिसातला एक चष्मेवाला शांतपणे म्हणाला, "असणारच. यांच्यातल्या एका बाईने पहिल्या दिवशी ढिगावर मीठ टाकलंय. शांताबाई नाव. विचारा."

विनायकरावांनी मला विचारलं. मी काय सांगणार? टाकलं होतं. मी खरं तेच सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, आजी, मग या नमुन्याला आता अर्थ नाही.

शांताबाई अहिराणीत रडायला लागली. "आजी, आते काय व्हई? पाप मन्हंच शे. मी देस अंगठा."

"शांते, तुझ्या मुठीने समुद्र खारट झाला का? गप बस. अंगठा दिलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि तुला ते सोसणार नाही."

पण एक कळत नाही. मिठाचं त्याला सांगितलं कोणी? त्या वेळी तिथे आम्ही पंधराजणीच होतो. पुरुष बार्जवर होते. टोळीतलं कोणी सांगणार नाही. मी ती गोष्ट सांगितली ती फक्त घरात, जेवताना.

गायत्री लिहायची थांबली. विचारलं तर म्हणते, पेन चालत नाही. चांगलं चालतंय की. योगराजला विचारून बघेन, त्याची एजंटच्या ऑफिसात ऊठबस आहे.

सोमवार, ८ डिसेंबर

योगराजला विचारलं. तो चिडला. चंपाषष्ठीची वांगी उरली होती, त्यांचं भरीत करून वाढलं, त्यालाही हात लावला नाही. पोट बिघडलंय त्याचं, आठवडाभर असंच चाललंय.

"माय, तू अंगठा दी टाक ना. तुले काय कयस त्यातलं?"

"नाही कळत. सांग. तू शिकलायस."

मग तो बोलत सुटला. म्हणाला, हे जहाज निघालं तेव्हा युरियाचा बाहेरचा भाव चढा होता. चीन सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. या वर्षी चीनने ठरवलं, बाहेरचा माल घ्यायचा नाही. तिकडे रशियाच्या बाजूला गॅसपासून युरिया बनवणारे कारखाने चालूच, माल निघतोच आहे, घेणारा मात्र गेला. भाव निम्म्यावर आला. आपल्याकडेही नवे कारखाने झालेत, आता बाहेरून फार मागवणार नाहीत. "पुढचं जहाज नही शे, माय. निंबा थापा मारतो. धक्का बंद पडणार, तुझी टोळीही नाही, माझी नोंदवहीही नाही. मग कशासाठी भांडतेस?"

मी म्हटलं, जहाज येणारच नसेल तर अंगठा कशाला पाहिजे?

त्यावर तो उठून बाहेर गेला.

माझं डोकं मोठं नाही, पण एवढं समजलं. चीनने दार लावलं म्हणून मगदल्ल्याच्या पंधरा बायकांचं काम जाणार. जाऊ दे. चीनशी माझी ओळख नाही, मी भांडायला जाऊ शकत नाही. पण काम चीनने घालवलं तर तसं म्हणा. भागीरथीने भिजवलं म्हणून गेलं, असं म्हणायचं नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

आज मी समुद्रावर गेले. गायत्री, हे ठळक लिही.

सकाळी विनायकरावांना फाटकावर गाठलं. म्हटलं, साहेब, शांताबाईने मीठ टाकलं धक्क्यावर. जहाजात तर नाही टाकलं ना? जहाजाच्या पोटात अजून माल आहे. तिथला घ्या.

ते म्हणाले, तोच विचार आहे, आज जातोच आहे. मी म्हटलं, मीही येते. नाहीतर उद्या चष्मेवाला सांगेल की मीठ साहेबांच्या खिशातून पडलं. निंबा मधे आला, बार्जवर बायका चालत नाहीत. मी विचारलं, हे बार्जला कोणी सांगितलं? खलाशी हसले. एकाने हात दिला. चष्मेवाल्यालाही यावं लागलं, आमच्यावर नजर ठेवायला. त्याच्या बुटात पाणी गेलं, ते बघायला मी पुन्हा एकदा जाईन.

बार्ज हलत होतं. माझ्याकडूनही समुद्राला दोनदा काही गेलं. ते लिहू नको. लिहिलंस? असू दे.

जहाज जवळून म्हणजे गल्लीच्या गल्ली उभी केलेली. विनायकराव शिडीने वर गेले, मी खाली बारदानावर बसून राहिले. तासाभराने ते दोन डबे घेऊन आले. एक जहाजाच्या पोटातल्या पहिल्या खणातला, एक तिसऱ्यातला. तिसऱ्या खणाच्या झाकणाचं रबर कुजलंय, म्हणाले, भिंतीवरून गंजाचा ओघळ खालपर्यंत आलाय आणि त्या ओघळाला लागूनच ढेकळं आहेत.

मी आधी चाखलं. पहिल्या खणातला गार. तिसऱ्यातला गार आणि खारट, आपल्या लोणच्याएवढा. मग त्यांनी स्वतःच्या कॅनमधलं पाणी दोन नळ्यांत घेतलं, दोन्हींत दाणे टाकले, वर छोट्या बाटलीतले थेंब सोडले. पहिली नळी जशीच्या तशी. दुसरीतलं, तिसऱ्या खणाचं, पाणी दुधासारखं पांढरं झालं.

मी चष्मेवाल्याला म्हटलं, "घ्या, चहाला होईल."

परतताना विनायकराव माझ्याशी बराच वेळ बोलले. म्हणाले, आजी, खरं सांगू? अशी ढेकळं याआधीही येत होती. भाव चढा होता तेव्हा लोक ढेकळंसुद्धा हातातून ओढून नेत, कोणी विचारत नव्हतं मीठ कुठलं. आता भाव पडलाय, म्हणून ज्याने घेतलं त्याला महाग पडलंय आणि ज्याने आणलं त्याला नुकसान नकोय. प्रत्येक जण आपला तोटा ठेवायला दुसऱ्याची जागा शोधतोय.

मी म्हटलं, आमची जागा अगदी समोरच होती ना.

त्यांनी बुटाची धूळ पुसायची म्हणून रुमाल काढला. बुटावर धूळ नव्हती, मीठ होतं.

बुधवार, १० डिसेंबर

अंग दुखतंय. शांताबाईने येऊन पाय चेपले. मी बोलत होते तिच्याशी.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आज योगराज कामावर गेल्यावर गायत्रीने स्वतःच वही काढली आणि समोर बसली. मला म्हणाली, "आत्याबाई, आधी माझं ऐका."

तो कागद, ज्याच्यावर आम्ही अंगठे द्यायचे होते, तो योगराजच्या हातचा आहे. तिने पहिल्या ओळीलाच ओळखलं होतं. लग्नाआधी त्याची पत्रं तिला यायची, त्याच हाताची. मिठाचंही त्यानेच सांगितलं. एजंटने त्याला शब्द दिलाय, हा धक्का बंद झाला की दुसऱ्या बंदरावरच्या ऑफिसात पक्की नोकरी. त्याने तिला सांगितलं होतं, मायला बोलू नको.

लेकाला मी पाटी घेऊन दिली होती ती नंदुरबारच्या बाजारातून. मला वाटायचं, आपल्या घरात एक जण वाचणारा झाला की कोणी आपल्याला कागद दाखवून फसवणार नाही.

मग मी विचारलं, पोट बिघडलं नव्हतं तर त्याचं.

"नाही, आत्याबाई."

भरीत वाया गेलं उगाच.

गायत्री म्हणाली, आता हे वहीत लिहू की नको? मी म्हटलं, नवरा तुझा आहे, तूच ठरव. तिने लिहिलं, म्हणून ते इथे आहे. हिला मी हळवी म्हटलं होतं, ते माझं चुकलं.

योगराजला मी काही म्हणणार नाही. ओरडून काय होतं, तो लहानपणीही ओरडल्यावर पाटीमागे लपायचा. त्याला भीती वाटली. सुरतेत भीती वाटायला कारणं भरपूर आहेत. पण लपायला त्याला माझंच नाव सापडलं, एवढं मला लागलं.

सोमवार, १५ डिसेंबर

विनायकरावांचा अहवाल तयार झाला. तो आधी मुंबईला जाणार, मग लंडनला. तिथे मोठे लोक बसून जहाजांच्या नुकसानीवर दोन-दोन वर्षं भांडतात म्हणे. त्याला आमची जबानी जोडायची होती. पाणी वाटीभर टाकलं, मीठ मूठभर टाकलं, ताडपत्रीला हात लावला नाही, ढेकळं बार्जमधूनच आली. त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. मी दोनदा वाचायला लावलं. माझा अंगठा लंडनला जाणार, तर तो नीट कागदावर बसून जावा.

सकाळीच निंबाने सांगून टाकलं होतं, पुढचं जहाज ठरलेलं नाही, टोळी मोडली समजा. बायका तरीही आल्या. पंधराच्या पंधरा. शांताबाई नवीन लुगडं नेसून.

अंगठ्याशेजारी नाव लिहावं लागतं, आणि ते लिहिणारा बाईला ओळखणारा लागतो, शेवटी त्याची सही. विनायकराव म्हणाले, मी लिहितो. मी म्हटलं, "नाही साहेब. माझा लेक लिहील. त्याचं अक्षर फार चांगलं आहे, सगळे म्हणतात."

योगराज नोंदवही घेऊन खांबाशी उभा होता. तो हलला नाही. समोर एजंटच्या खोलीची काच आणि काचेमागे चष्मेवाला.

"माय, तो बघी ऱ्हायना."

"बघू दे. चष्मा कशासाठी घातलाय?"

"माय, मग मन्ही नोकरी..."

"माहीत आहे मला."

तेवढंच बोलले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की मला सगळं माहीत आहे. माझ्या लेकाचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. क्षणभर वाटलं, जाऊ दे, साहेबांनाच लिहू दे. पण मागे चौदाजणी उभ्या होत्या.

मी अंगठा शाईत बुडवला आणि दाबला. रेषा नीट उठल्या नाहीत. युरियाने आणि सुतळीने बोटं गुळगुळीत झालीत. पुन्हा दाबला, मग उठल्या. पेन त्याच्यासमोर ठेवलं आणि बाजूला झाले.

तो खुर्चीवर बसला. माझं नाव लिहिलं. मग मंगलाबाई आली, तिचं लिहिलं. एकेक बाई अंगठा देई, तो नाव विचारी. वर्षानुवर्षं ओळखतो त्यांना, तरी विचारी, आणि त्या नीट सांगत, बापाच्या नावासकट. शांताबाईने मात्र अंगठा दाबायच्या आधी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिचं नाव लिहायला त्याला वेळ लागला.

पंधरा झाली. विनायकरावांनी कागद आपल्याकडे फिरवला, वरून खाली बोट नेलं आणि म्हणाले, लिहिणाऱ्याची सही राहिली.

मी तोंड धक्क्याकडे केलं. शिवायला एकही गोणी नव्हती, तरी हात दाभणाकडे गेला. मी एक शब्द बोलले नाही, गायत्री, हे तसंच लिही. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. पेन कागदावर चालल्याचा आला.